पाव म्हणजे चतुर्थांश नव्हे! शब्दांची मुळं शोधताना या चुका टाळा

दर दोन-तीन महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर तो मेसेज येतोच. "तुम्हाला माहीत आहे का, पावाला पाव का म्हणतात?" आणि खाली उत्तर, की एका मोठ्या ब्रेडचे चार भाग करायचे, त्यातला एक म्हणजे पाव भाग, म्हणून पाव. सोबत जोडलेले हात आणि एक पेटलेला बल्ब. मी पुण्यात गेली चौदा-पंधरा वर्षं स्पॅनिश शिकवते, थोडंफार पोर्तुगीजही, त्यामुळे ओळखीतल्या प्रत्येकाला वाटतं की हा मेसेज हिला पाठवलाच पाहिजे, हिचा विषय आहे. विषय माझा आहे म्हणूनच तर डोकं फिरतं.

म्हटलं एकदा सगळं लिहून टाकू, पुढच्या वेळी फक्त लिंक चिकटवता येईल.

चूक पहिली: आपल्या भाषेत आवाज जुळला की शोध संपला

हा पावाचा किस्सा मी अगदी जवळून भोगलाय. आमच्या सोसायटीत एक काका आहेत, रिटायर्ड इंजिनियर, अतिशय सज्जन माणूस, गणपतीच्या स्मरणिकेचं काम दरवर्षी तेच बघतात. एका वर्षी त्यांनी 'शब्दांच्या जन्मकथा' असं पानभर सदर केलं आणि प्रूफं तपासायला माझ्याकडे आणून दिली. पहिलीच कथा चतुर्थांश पावाची.

मी म्हटलं, "काका, लादीत पाव किती असतात?"

"सहा. आमच्या बेकरीत आठ पण मिळते."

"मग सहा पाव म्हणजे दीड झाले ना. लादीला दीड का नाही म्हणत?"

काका थोडा वेळ गप्प बसले, चहाचा घोट घेतला, आणि म्हणाले, "अगं, पूर्वी चार असतील."

पूर्वी असेल! या दोन शब्दांवर आपल्याकडे किती व्युत्पत्त्या उभ्या आहेत काय सांगू. पुरावा नाही, कुठे लिहिलेलं नाही, पण पूर्वी असेल. मी त्यांना कागदावर सगळं लिहून दिलं, त्यांनी "हो हो, बदलतो" म्हटलं, आणि स्मरणिका छापून आली तेव्हा चतुर्थांश तसाच होता, फक्त शेवटी 'असे म्हणतात' जोडलेलं. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका ग्रुपवर मी हाच वाद घालत होते तर समोरच्याने पुरावा म्हणून त्याच स्मरणिकेचा फोटो टाकला. छापून आलंय म्हणे.

आता खरं काय ते. मराठीत 'पाव' असे दोन वेगळे शब्द आहेत, ते फक्त आवाजाने एक झालेत. पाव किलो, पाव तास यातला पाव संस्कृत 'पाद'पासून आलेला. पाद म्हणजे पाय, चार पायांच्या जनावराचा एक पाय म्हणजे चौथा हिस्सा. याच पादातून 'ऊन' म्हणजे कमी हे जोडून पाऊण आणि पावणे आले, पावणेतीन म्हणजे पाद कमी तीन. आणि खायचा पाव हा पोर्तुगीज 'पांव', तो लॅटिन 'पानिस'चा वंशज. त्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. 'पाव किलो फरसाण आणि एक लादी पाव' असं आपण एका दमात म्हणतो तेव्हा एक शब्द संस्कृतातून चालत आलेला असतो आणि दुसरा जहाजातून. 'देव पावला' मधला पाव तर तिसराच, तो 'प्राप्'चा.

गंमत म्हणजे दुसरी अफवा आहे ना, पायाने पीठ मळतात म्हणून पाव, ती पण याच पादाची. हिंदीत पाय म्हणजे पाँव, बंगालीत पा, आणि बंगालमध्ये पावाला पाउरुटी म्हणतात म्हणून तिकडे तर ही पायवाली कथा फारच जोरात चालते. म्हणजे महाराष्ट्रात चौथा हिस्सा आणि बंगालात लाथा, दोन्ही अफवांची आई एकच.

माझी सवय सांगते. असा शब्द समोर आला की मी आधी व्याकरणाने तो चालवून बघते. पाव किलोमधला पाव हलत नाही, 'पावा किलोला' असं कोणी म्हणत नाही. खायचा पाव मात्र पावाला, पावात, पावाचा असा मस्त चालतो, साध्या नामासारखा. ही काही पक्की कसोटी नाही पण इथे दोन वेगळी माणसं असू शकतात एवढा संशय घ्यायला पुरते. मग शेजारच्या भाषा बघायच्या. आणि मग शब्दकोश, खरा शब्दकोश, पहिला सर्च रिझल्ट नाही. कृ. पां. कुलकर्णींचा मराठी व्युत्पत्ति कोश १९४६ चा आहे, आणि आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांवर गोव्याच्या सेबास्तियांव रोदोल्फ दालगादोंनी १९१३ मध्येच जाडजूड काम करून ठेवलंय. शंभर वर्षं झाली हो. तरी आपलं 'पूर्वी असेल' चालूच.

चूक दुसरी: नाक विसरणे

ही चूक नवशिके करतात, आणि मी पण केली, लिस्बनमध्ये, भर दुकानात.

आधी थोडी पार्श्वभूमी. लॅटिनमध्ये कर्त्याचं रूप 'पानिस', पण आजच्या रोमान्स भाषा, म्हणजे लॅटिनपासून निघालेल्या, बहुतेक नामं कर्माच्या रूपावरून घेतात, म्हणजे 'पानेम'वरून. (इथेच अर्धे जण घसरतात, पानिसचा 'स' कुठे गेला म्हणून शोधत बसतात.) इटालियनमध्ये 'पाने', स्पॅनिशमध्ये 'पान', रोमानियनमध्ये 'पुइने'सारखं काहीतरी, फ्रेंचमध्ये 'पँ', म्हणजे 'न' नाकात गेला. कातालानमध्ये तर नुसतं 'पा', न गायब, पण अनेकवचन केलं की 'पान्स', लगेच परत हजर! आणि पोर्तुगीजमध्ये न स्वतः गेला आणि जाताना स्वराला नाक देऊन गेला. पांव.

पोर्तुगीज ही दोन स्वरांमधला न खाऊन टाकणारी भाषा आहे. लॅटिन 'लूना' म्हणजे चंद्र, स्पॅनिश 'लूना', पोर्तुगीज 'लुआ'. लॅटिन 'मानुस' म्हणजे हात, स्पॅनिश 'मानो', पोर्तुगीज 'मांव'. (मानुस म्हणजे हात बरं का, आपला माणूस नाही, यातून अजून एक फॉरवर्ड काढू नका.) गंमत अशी की हात, पाव आणि सिंह, मांव, पांव, लिआंव, एकवचनात तिघांचा शेवट सारखा झालाय, पण अनेकवचन करा, मांउश, पांइश, लिओंइश, की तिघांची जुनी लॅटिन घरं वेगवेगळी दिसतात. माझ्या विद्यार्थ्यांना अनेकवचनं पाठ करायचा जाम कंटाळा येतो, ॲपमध्ये तो धडा स्किप करता येतो म्हणे. करा स्किप. शब्दाचं मूळ तिथेच तर दिसतं.

तर लिस्बन. नवीनच गेले होते, पोर्तुगीज वाचता चांगलं येत होतं, बोलायचा सराव शून्य. घराखाली छोटं दुकान, पाव, बिस्किटं, कॉफी. सकाळी उठून ऐटीत गेले आणि म्हटलं, "दोइश पाव, पुर फावोर." मनात म्हटलं हा तर आपलाच शब्द, यात काय चुकणार. दुकानदारीण बाई साठीच्या असतील, त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग कोपऱ्यातला झाडू उचलला, दांडा पुढे केला आणि बोटाने विचारलं, दोन पाहिजेत? मागे कॉफी पीत उभे असलेले दोघे आजोबा हसायला लागले.

कारण पोर्तुगीजमध्ये नाकाशिवाय 'पाव' म्हणजे काठी. दांडका. आणि अनेकवचनही मी केलं नव्हतं, 'दोइश पांइश' म्हणायला हवं होतं, किंवा तिथले लोक म्हणतात तसं सरळ 'पापो-सेको', म्हणजे तिथले छोटे पाव, मागायचे. ब्राझीलमध्ये हीच चूक केली तर त्या काठीचा एक बाजारू अर्थ पण आहे, त्यामुळे तिथे हसणं जरा वेगळं असतं.

आपण मराठीत काय केलं, तर नाक काढून टाकलं. पांवचा पाव झाला. आता बघा, 'लेलांव'चा लिलाव झाला, 'क्रिस्तांव'चा किरिस्ताव झाला. तीन शब्द, तिन्हींत शेवटच्या 'आंव'चा 'आव'. याला नियम म्हणतात. एकटा पाव असता तर मी पण म्हटलं असतं योगायोग, पण एकाच वाटेने तिघं आले म्हणजे ती वाट आहे. कोकणीने मात्र नाक जपलं, गोव्यात २४ जूनला विहिरींत उड्या मारतात तो सण सांजांव, म्हणजे सांव जुआंव, संत जॉन. म्हणून माझ्या वर्गात कोणी गोव्याचं असलं की त्यांना पांव शिकवावा लागत नाही. "हांव म्हणता ना, 'मी'ला? तसंच." संपलं. बाकीच्यांना मी नाक चिमटीत धरून म्हणायला लावते, चिमटीत धरल्यावर आवाज बदलला तर बरोबर, तसाच राहिला तर तुम्ही काठी मागताय. पोरं हसतात. हसू दे.

आणि हाच पांव श्रीलंकेत गेला तर तिथे त्याचा 'पान' झाला, सिंहलीत पाव म्हणजे पान. जपानमध्ये 'पान'. कोरियनने जपानीतून घेतला, 'प्पांग'. म्हणजे नाकातल्या आवाजाचं काय करायचं हा प्रश्न सगळ्यांना पडला, आपण तो फेकला, त्यांनी त्याचा न-ङ केला. मला स्वतःला या सगळ्या विषयात ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते.

चूक तिसरी, जी मी स्वतः भर सभेत केली

जपानचा विषय निघालाच आहे तर हे कबूल करून टाकते. सुरुवातीच्या दिवसांत एका वाचनालयात माझं छोटं भाषण होतं, पोर्तुगीज शब्दांचा प्रवास वगैरे. पाव, जपानचा पान, त्यांचा तळलेला पदार्थ तेम्पुरा असं सांगत सांगत मी रंगात आले आणि म्हटलं, "आणि तुम्हाला माहीत आहे का, जपानी 'आरिगातो' हा पोर्तुगीज 'ओब्रिगादो'च आहे!" टाळ्या पडल्या. खरंच पडल्या. आवाज जुळतो, अर्थ तर तंतोतंत जुळतो, दोन्ही आभाराचे शब्द, आणि पोर्तुगीज जपानला गेलेले आहेतच. अजून काय पाहिजे?

शेवटी प्रश्नोत्तरांत मागच्या रांगेतल्या एक आजी उठल्या. त्यांनी आयुष्यभर जपानी शिकवलं होतं हे मला नंतर कळलं. म्हणाल्या, "बाळ, पोर्तुगीज जपानला कधी पोचले?"

"१५४३."

"आणि सेई शोनागोन नावाची बाई १००० सालच्या आसपास लिहून गेली, 'आरिगाताकी मोनो', दुर्मिळ गोष्टींची यादी. तिने हा शब्द पोर्तुगीजांकडून कसा घेतला असेल?"

मी काही बोलले नाही. काय बोलणार.

'आरी' म्हणजे असणं, 'गाताशी' म्हणजे अवघड, असणं अवघड म्हणजे दुर्मिळ, दुर्लभ, आणि त्यातून पुढे कृतज्ञतेचा अर्थ आला. ओब्रिगादो म्हणजे बांधला गेलेला, उपकारांनी. दोन्ही वाटा पूर्ण वेगळ्या, आवाज योगायोगाने जवळ आले. त्या दिवसापासून मी कुठल्याही उसन्या शब्दाला आधी तारीख विचारते. शब्द कोणाकडून आला, ते लोक कधी आले, आणि शब्द त्याआधी कुठे लिहिलेला सापडतो का. तीन मिनिटांचं काम असतं बरेचदा. टाळ्या वाजवणाऱ्यांमधल्या किती जणांनी ते आरिगातो घरी नेलं असेल याचा विचार आला की अजून कसंतरी होतं.

याच जातीतली अजून एक, व्हिएतनामी 'बान्ह मी', म्हणजे तिथला पाव, हे नाव फ्रेंच 'पँ द मी' या मऊ पावाच्या नावावरून आलं ही. फ्रेंच तिथे होते, पाव त्यांचाच, सगळं खरं, पण 'बान्ह' हा त्यांचा फ्रेंचांच्या आधीचा शब्द आहे, पिठाच्या पदार्थांचा, आणि 'मी' म्हणजे गहू. पदार्थ बाहेरून आला म्हणून शब्द बाहेरूनच आला पाहिजे असं काही नसतं. इंडोनेशियात लोण्याला 'मेंतेगा' म्हणतात, चीजला 'केजू', दोन्ही पोर्तुगीज, आणि त्या लोण्याखालच्या पावाला काय म्हणतात माहितीये? रोती. आपली रोटी. आपण पोर्तुगीजांचा पांव घेतला आणि तिकडे आपली रोटी पावाच्या अंगावर जाऊन बसली.

बाकीच्या, पटापट

मराठीतल्या पोर्तुगीज शब्दांच्या यादीत दिसलं म्हणून साबण पोर्तुगीज म्हणू नका. पोर्तुगीज शब्द 'साबांव' आहे, मग वरच्या नियमाने मराठीत 'सबाव' व्हायला हवा होता. आपल्याकडचा ण अरबी-फारसी 'साबून'शी जुळतो. यादी लिहिणाऱ्याने नियम बघितला नाही, एवढंच.

फ्रेंच 'पँ' रोमन लिपीत लिहिला की इंग्रजी पेनसारखा, म्हणजे दुखण्यासारखा दिसतो. इंग्रजीतलं दुखणं लॅटिन 'पोएना', शिक्षा, यावरून आलेलं. स्पेलिंग बघून नाती लावणं म्हणजे आडनाव सारखं म्हणून भाऊबंद.

तळायचा पॅन पण वेगळा. जपानी पोरांचं एक जुनं कोडं आहे, पान असून खाता येत नाही असा पान कोणता? उत्तर, फ्रायपान. त्यांच्या लहान मुलांना कळतं की हे दोन वेगळे आहेत, आपल्याकडे मोठ्यांना समजवावं लागतं.

फ्रेंच बेकर 'बुलांजे' यात पानिस शोधू नका, नाही सापडणार, तो गोल पावाच्या वेगळ्याच शब्दावरून आलाय. स्पॅनिश 'पानादेरो' आणि पोर्तुगीज 'पादेइरो' मात्र पानिसच्याच घरचे, आणि त्या पादेइरोचा गोव्यात पोदेर झाला, सकाळी सायकलवर भोंगा पों पों वाजवत उंडो आणि पोई हे तिथले पाव घेऊन येतो तो.

आणि एक जरा मोठी, कारण ही हुशार लोक करतात. मूळ म्हणजेच अर्थ असं धरून बसणं. 'कंपनी' या शब्दात पानिस आहे हे खरंय. कोम म्हणजे सोबत, पानिस म्हणजे पाव, सोबत पाव खाणारा तो कंपान्यो, त्यातून स्पॅनिश 'कोंपान्येरो', फ्रेंच 'कोपँ' म्हणजे दोस्त, आणि आपली कंपनी. हे वाचलं की लगेच कोणीतरी पोस्ट टाकतो, कंपनी सरकार म्हणजे मिळून पाव खाणाऱ्यांची टोळी, बघा नावातच होतं! नावात काही नव्हतं हो. लंडनमधल्या त्या व्यापाऱ्यांना हे मूळ ठाऊक नव्हतं आणि पर्वा पण नव्हती. आपल्याकडे काव्यशास्त्रवाल्यांनी हे कधीच सांगून ठेवलंय, कुशल म्हणजे मुळात कुश गवत नीट तोडून आणणारा, प्रवीण म्हणजे वीणा उत्तम वाजवणारा, पण वापरात तो अर्थ मेला. माझ्या वर्गात एक प्रवीण आहे, त्याला गिटारसुद्धा येत नाही.

उलटी चूकही असते, मूळ सापडलं की तिथेच थांबणं. 'पगार पोर्तुगीज आहे' एवढं सांगून लोक मोकळे होतात. अरे पुढे जा ना. पोर्तुगीज 'पगार' म्हणजे पैसे चुकते करणे, तो लॅटिन 'पाकारे'वरून, आणि पाकारे म्हणजे शांत करणे, 'पाक्स' म्हणजे शांतता याच्यापासून. देणेकऱ्याने पैसे दिले की घेणेकरी शांत होतो. रोमानियनमध्ये याच घराण्यातल्या 'अ इंपाका'चा अर्थ अजूनही समेट करणे असाच आहे, पैसे देण्याला त्यांनी स्लाव्ह भाषांतला वेगळा शब्द घेतला. हे मी काकांना सांगितलं तेव्हा ते खूश झाले, म्हणाले, "म्हणजे महिन्याच्या एक तारखेला घरात शांतता असते ती याच्यामुळे!" मी म्हटलं, काका, मूळ म्हणजे अर्थ नव्हे, आत्ताच सांगितलं ना. तर म्हणाले, अगं गंमत केली.

यंदाच्या स्मरणिकेची प्रूफं कालच आलीत. सदराचं नाव 'पगार आणि शांतता'. शेवटी 'असे म्हणतात' आहेच.